सालामांका विद्यापीठ आणि तेथील स्पॅनिश : जाण्याआधी जाणून घेण्याच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : पदवी पूर्ण झाली आहे, हाताशी काही महिने आहेत, पुण्यात स्पॅनिशच्या पहिल्या दोन पातळ्या शिकून झाल्या आहेत आणि आता स्पेनमधील सालामांका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या भाषा-अभ्यासक्रमाला जावे असे मनात आहे, परंतु ‘आठशे वर्षांचे विद्यापीठ’ असे जे सांगितले जाते ते खरे किती आणि त्या जुनेपणाचा भाषा शिकणाऱ्याला उपयोग किती, हे कळत नाही. मी बरीच वर्षे मराठी मुलामुलींना स्पॅनिश शिकवत आले आहे आणि त्या गावात विद्यार्थिनी म्हणून दोन वेळा राहिले आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने इतिहासापासूनच सुरुवात करते.

आठशे वर्षांचा हिशेब खरा आहे. लेऑनचा राजा आल्फोन्सो नववा याने १२१८ मध्ये या विद्यापीठाची स्थापना केली. स्पेनमध्ये त्याच्याही आधी पालेन्सिया येथे असे विद्यापीठ निघाले होते, पण ते टिकले नाही. त्यामुळे आज चालू असलेल्या स्पॅनिश विद्यापीठांत सालामांका सर्वांत जुने ठरते. मात्र १२१८ मध्ये आजच्यासारखी इमारत, शिक्का आणि कुलगुरू असे काही होते अशी कल्पना करू नये. कॅथेड्रलच्या आवारात जमेल तेथे गुरू शिकवत आणि विद्यार्थी ऐकत. घडी बसली ती १२५४ मध्ये, जेव्हा ‘शहाणा’ म्हणून ओळखला जाणारा राजा आल्फोन्सो दहावा याने सनद देऊन अध्यापकांचे पगार ठरवून दिले. त्या सनदेत कायदा, तर्क, व्याकरण आणि वैद्यक यांच्या जोडीने संगीताच्या गुरूची आणि ग्रंथ सांभाळणाऱ्या माणसाच्या पगाराचीही सोय होती. पुढच्याच वर्षी पोप अलेक्झांडर चौथे यांची मान्यता मिळाली. स्वतःची मोठी वास्तू उभी राहायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली, आणि ज्या कोरीव दर्शनी भिंतीवर कवटीवरचा बेडूक शोधत पर्यटक मान दुखेपर्यंत उभे असतात, ती भिंत तर सोळाव्या शतकातली आहे. (बेडूक सापडला की परीक्षेत यश मिळते असे तेथील मुले सांगतात. मला तो पहिल्या वेळी सापडला नव्हता.)

भाषा शिकायला जाणाऱ्याने या इतिहासातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण माहितीपुस्तिका ती सांगत नाहीत : या विद्यापीठाची भाषा कित्येक शतके स्पॅनिश नव्हती, लॅटिन होती. व्याख्याने लॅटिनमध्ये, वादविवाद लॅटिनमध्ये, ग्रंथही लॅटिनमध्येच. कास्तील या मध्य स्पेनमधील प्रदेशाची बोली, म्हणजे जिला आज आपण स्पॅनिश म्हणतो ती, बाजारात, स्वयंपाकघरात आणि विद्यार्थ्यांच्या भांडणांत चाले. आपल्याकडे संस्कृत पाठशाळेच्या ओसरीवर मराठीची जी जागा होती, साधारण तीच तिची तेथे होती.

या पार्श्वभूमीवर आंतोनियो दे नेब्रिहा या माणसाकडे पाहावे. तो १४७५ च्या सुमारास सालामांकात शिकवू लागला आणि लॅटिन नीट कशी शिकवावी यावरचे त्याचे पुस्तक १४८१ मध्ये येथेच छापले जाऊन गाजले. पुढे विद्यापीठातील अध्यापन सोडून तो एका श्रीमंत आश्रयदात्याकडे राहायला गेला, आणि त्या मोकळ्या काळात त्याने एक अभूतपूर्व काम केले : कास्तीलियन भाषेचे व्याकरण लिहिले. एखाद्या अर्वाचीन युरोपीय बोलीचे असे नियमबद्ध व्याकरण छापले जाण्याची ती पहिली वेळ होती. १८ ऑगस्ट १४९२ रोजी ते सालामांकात छापून झाले. कोलंबसची जहाजे पालोस बंदरातून निघून तेव्हा पंधरा दिवस झाले होते. राणी इसाबेलाने ‘याचा उपयोग काय?’ असे विचारले आणि एका बिशपने, जिंकलेल्या लोकांना आपले कायदे समजण्यासाठी आपली भाषा शिकावी लागेल, असे उत्तर दिले, हा प्रसंग नेब्रिहानेच प्रस्तावनेत नोंदवला आहे. भाषा ही नेहमी साम्राज्याची सोबतीण राहिली आहे, हे त्याचे वाक्य पुढे पुष्कळ उद्धृत झाले, आणि आपल्यासारख्या वसाहतीचा अनुभव असलेल्या देशातील वाचकाला ते सुखाने वाचता येत नाही. परंतु मला नेहमी या व्याकरणाच्या पाचव्या, शेवटच्या भागाचे अप्रूप वाटते. तो भाग परक्या भाषेच्या लोकांना कास्तीलियन शिकता यावी म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवण्याचा विचार सालामांकात छापलेल्या एका पुस्तकात १४९२ मध्येच झालेला आहे; विद्यापीठाला मात्र तो विचार अमलात आणायला आणखी चार शतकांहून जास्त काळ लागला. नेब्रिहाला विद्यापीठाने काय दिले, तेही सांगण्यासारखे आहे. अध्यासनांसाठी तेव्हा उमेदवारांची चुरस होई आणि विद्यार्थी मत देत. १५१३ मध्ये व्याकरणाच्या अध्यासनासाठी हा वृद्ध विद्वान उभा राहिला आणि एका तरुण उमेदवाराकडून हरला. तो जो गेला तो आल्काला येथील नव्या विद्यापीठात, आणि परत आला नाही.

सोळावे शतक हा विद्यापीठाचा भराचा काळ. नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या सहा हजारांच्या वर गेली होती, म्हणजे त्या काळच्या मानाने हे गाव म्हणजे विद्यार्थ्यांचेच गाव झाले होते. फ्रान्सिस्को दे व्हितोरिया १५२६ पासून धर्मशास्त्राचे मुख्य अध्यासन सांभाळत होते. अमेरिकेतील मूळ रहिवासी ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून त्यांची मालमत्ता आणि राज्ये हिरावण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही, असे त्यांनी भर विद्यापीठातील व्याख्यानांत मांडले. आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतिहास लिहिणारे त्यांच्यापाशी थांबतातच. १५६१ च्या नियमावलीत खगोलशास्त्राच्या वर्गात कोपर्निकस शिकवण्याची मुभा होती. लिमा आणि मेक्सिको येथे १५५१ मध्ये स्थापन झालेली विद्यापीठे सालामांकाच्या नमुन्यावर उभी राहिली.

पण त्याच शतकात फ्राय लुईस दे लेऑन या प्राध्यापक-कवीला इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाने, उचलले. १५७२ ते १५७६ अशी जवळजवळ पाच वर्षे ते बळ्यादोलिदच्या तुरुंगात होते. लॅटिन बायबलपेक्षा मूळ हिब्रूला जास्त मान देणे आणि बायबलमधील प्रेमगीतांचा ग्रंथ कास्तीलियनमध्ये भाषांतरित करणे, हे त्यांच्यावरील आरोपांत होते. लोकभाषेत आणल्याबद्दल एखाद्याला छळ सोसावा लागणे मराठी वाचकाला नवीन नाही. तुकोबांच्या वह्यांची आठवण येथे न येणे कठीण. सुटून आल्यावर पहिल्या तासाला त्यांनी ‘काल आपण म्हणत होतो…’ असे म्हणून सुरुवात केली, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती पुष्कळ नंतर लिहिली गेलेली आहे, तेव्हा इतिहास म्हणून नव्हे तर गावाची आवडती गोष्ट म्हणून ऐकावी. त्यांच्या नावाची वर्गखोली मात्र खरी आहे. ओबडधोबड लाकडी ओंडक्यांचे बाक आजही तेथे आहेत, आणि त्यावर शतकानुशतके मुलांनी कोरलेल्या खुणा दिसतात.

महाराष्ट्र आणि गोव्याशी या विद्यापीठाचा एक खराखुरा धागा आहे. वैद्य गार्सिया द ओर्ता हा मूळचा पोर्तुगालचा. ज्यू वंशाचे कुटुंब, सक्तीने ख्रिस्ती झालेले. त्याचे शिक्षण सालामांका आणि आल्काला येथे झाले. १५३४ मध्ये तो गोव्याला आला आणि मरेपर्यंत इकडेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा वैद्य म्हणून निकटचा संबंध होता, आणि मुंबईचे बेट पोर्तुगीजांकडून त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्या संवादात ओर्ताला प्रश्न विचारणारे रुआनो नावाचे पात्र आहे, आणि ते सालामांका-आल्कालाच्या दिवसांतील जुना परिचित म्हणून कल्पिलेले आहे! कोकणातल्या आंब्याची आणि हिंगाची चर्चा सालामांकाच्या दोन माजी विद्यार्थ्यांच्या तोंडून व्हावी, हे मला फार गोड वाटते. शेवट मात्र गोड नाही : ओर्ता १५६८ मध्ये वारला आणि बारा वर्षांनी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे.

सतराव्या शतकापासून उतरती कळा लागली, ती लांबली. नेपोलियनच्या युद्धात फ्रेंच सैन्याने विद्यापीठाची अनेक वसतिगृह-महाविद्यालये पाडली, एकोणिसाव्या शतकात सगळी सूत्रे माद्रिदकडे गेली आणि सालामांका प्रांतगावचे विद्यापीठ होऊन राहिले. त्याचे नाव पुन्हा जगभर गेले ते लेखक-तत्त्वज्ञ मिगेल दे उनामुनो यांच्यामुळे. १८९१ मध्ये ग्रीकचे प्राध्यापक म्हणून आलेले उनामुनो १९०० मध्ये कुलगुरू झाले, १९१४ मध्ये पदावरून काढले गेले, १९२४ मध्ये हुकूमशहाने त्यांना हद्दपार केले, १९३० मध्ये परतले आणि पुन्हा कुलगुरू झाले. स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर १२ ऑक्टोबर १९३६ रोजी विद्यापीठाच्या सभागृहात फ्रँकोच्या बंडखोर लष्करातील जनरल मिय्यान आस्त्राय यांच्यासमोर ते बोलायला उठले. ‘तुम्ही जिंकाल, पण पटवून देऊ शकणार नाही’ या आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. नेमके शब्द कोणते यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण तेव्हाची शब्दशः नोंद उपलब्ध नाही. त्यानंतर त्यांना पदावरून हटवण्यात आले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ते घरीच वारले.

परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा पहिला अभ्यासक्रम १९२९ मधला आहे, म्हणजे उनामुनो हद्दपारीत असतानाचा. हा आकडा मुद्दाम सांगते. ‘आठशे वर्षे’ हे बिरुद कायदा, धर्मशास्त्र आणि लॅटिनचे आहे; परदेशी माणसाला स्पॅनिश शिकवण्याची येथील परंपरा साधारण शंभर वर्षांची आहे. तीही थोडी नव्हे. परंतु निवड करताना बिरुदाकडे नव्हे, वर्गात काय शिकवतात याकडे पाहावे.

आता अभ्यासक्रमांविषयी. विद्यापीठाचा ‘कुर्सोस इंतेरनासियोनालेस’ म्हणून ओळखला जाणारा विभाग हे वर्ग चालवतो. त्याचे कार्यालय ‘एस्कुएलास मेनोरेस’ या जुन्या चौकाजवळ आहे. पूर्वी याच वास्तूत लहान मुले पदवीआधीचे लॅटिन घोकत. आज तेथून जपानी, ब्राझिलियन आणि अमेरिकन मुले स्पॅनिश क्रियापदे पुटपुटत जाताना दिसतात. वर्ग भाषेची पातळी मोजण्याच्या युरोपीय चौकटीतल्या ‘ए-एक’पासून ‘सी-दोन’पर्यंतच्या सहा पातळ्यांत विभागलेले असतात. पहिल्याच दिवशी पातळी ठरवणारी चाचणी होते. दोन-तीन आठवड्यांच्या छोट्या तुकड्यांपासून सत्रभराच्या अभ्यासक्रमांपर्यंत पर्याय असतात आणि रोज तीन तास, चार तास किंवा पाच तास असे प्रकार असतात. व्याकरण आणि संभाषण हा गाभा. त्याच्या जोडीला साहित्य, इतिहास, कला किंवा व्यापारी स्पॅनिश यांचे तास घेता येतात. स्पॅनिश शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांसाठी वेगळे वर्ग असतात, आणि पूर्ण पदव्युत्तर पदवी हवी असेल तर परदेशी भाषा म्हणून स्पॅनिश शिकवण्याचा अभ्यासक्रमही विद्यापीठात आहे. पण त्याचा प्रवेश आणि पात्रता सर्वस्वी निराळी, तो या वर्गांशी मिसळू नये. भाषा-अभ्यासक्रमाच्या शेवटी मिळते ते प्रमाणपत्र असते, पदवी नव्हे.

चाचणीबद्दल एक सावधगिरी. आपली मुले घोकलेल्या व्याकरणाच्या बळावर लेखी चाचणीत वरची पातळी मिळवतात आणि मग वर्गात बोलणे सुरू झाले की गप्प बसतात. माझ्या बाबतीत अगदी हेच झाले. लेखी गुणांनी मला ज्या तुकडीत बसवले, तेथे तिसऱ्या दिवशी मला बाजूच्या पोलिश मुलीचा एकही विनोद कळेना. मी स्वतः कार्यालयात जाऊन एक पातळी खाली मागून घेतली, आणि त्या निर्णयाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. तुकडी बदलून मागण्यात कमीपणा मानू नका. ते तेथे नेहमीचे आहे.

नावाच्या घोटाळ्यात अडकू नका. त्याच गावात सालामांकाचे पोंतिफिसिया विद्यापीठ आहे. ते १९४० मध्ये पोपच्या अधिकाराखाली सुरू झालेले निराळे विद्यापीठ आहे, वाईट नव्हे, पण हे नव्हे. शिवाय गल्लोगल्ली खाजगी भाषाशाळा आहेत. त्यांतल्या काही उत्तम आहेत, काही केवळ गावाच्या नावावर चालतात. एका मुलीने दलालामार्फत पैसे भरले आणि विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या दुसऱ्याच एका शाळेत ती जाऊन पोहोचली, हे मी पाहिले आहे. नोंदणी विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करावी.

परीक्षांविषयी : ‘देले’ ही पदविका इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने देते, आणि सालामांका विद्यापीठाचा त्या परीक्षेच्या घडणीशी जुना संबंध आहे. ती एकदा मिळाली की कायमची. २०१६ पासून सुरू झालेली ‘सिएले’ ही संगणकावर घेतली जाणारी परीक्षा सेर्वान्तेस आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या जोडीने सालामांकाही चालवते. तिचे गुणपत्रक पाच वर्षे चालते. नोकरीत तुमची पातळी विचारली जाईल तेव्हा यांतले एक तरी हाताशी असणे वर्गाच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता मी ज्यासाठी खरे तर एवढे लिहायला बसले ते. सालामांकाला जा, पण इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका. आपली मुले पुण्यात किंवा मुंबईत इंग्रजी पुस्तकांतून स्पॅनिश शिकतात, इंग्रजी बोलणाऱ्याला अवघड वाटणाऱ्या गोष्टी आपल्यालाही अवघड आहेत असे त्यांना शिकवले जाते, आणि मग ती खरोखर अवघड होऊन बसतात. ‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य घ्या. इंग्रजी पुस्तक अर्धे पान खर्चून सांगते की येथे कॉफी हा कर्ता आहे आणि आवडणारा माणूस चतुर्थीत आहे. मराठीत आपण ‘मला कॉफी आवडते’ असेच म्हणतो. आंबे अनेक झाले की आपले क्रियापद ‘आवडतात’ होते, स्पॅनिशचे ‘गुस्तान’ होते. शिकवण्यासारखे उरते काय?

तसेच ‘बेओ ला कासा’ पण ‘बेओ आ मी एर्मानो’. घर पाहतो तेव्हा काही लागत नाही, भावाला पाहतो तेव्हा ‘आ’ लागते. मराठीतही ‘मी घर पाहतो’ आणि ‘मी भावाला पाहतो’. ‘काल खेळलो’ आणि ‘लहानपणी खेळायचो’ यांत आपण जो भेद सहज करतो, तो ‘खुगे’ आणि ‘खुगाबा’ यांत आहे. रीतिभूतकाळ ज्याच्या तोंडी आहे त्याला हा धडा एका तासाचा आहे. ज्या संभावनार्थाला सगळे घाबरतात त्या ‘किएरो के बेंगास’ला मराठीत ‘तू यावंस असं मला वाटतं’ असा सख्खा भाऊ आहे. दोन्हीकडे क्रियापद आपले साधे रूप टाकून इच्छेचे रूप घेते. विशेषणांचे म्हणाल तर ‘चांगला-चांगली’ बदलते आणि ‘सुंदर’ बदलत नाही. तिकडे ‘बुएनो-बुएना’ बदलते आणि ‘ग्रांदे’ला लिंगाने फरक पडत नाही. कोणत्या वस्तूचे लिंग कोणते हे मात्र पाठच करावे लागते. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा ‘मानो’ स्त्रीलिंगी.

उच्चारांतही हेच. स्पॅनिशचा ‘त’ आपला दंत्य ‘त’ आहे, परंतु इंग्रजीच्या सवयीने आपली मुले ‘टोमाटे’ म्हणतात आणि शिक्षिका कपाळाला हात लावते. ‘च’ चहातला घ्यावा, चमच्यातला नव्हे. ‘पेरो’ म्हणजे पण आणि लांब थरथरत्या ‘र’चा ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. र आपल्याकडे आहेच, तो फक्त खेचायचा. कास्तीलमध्ये ‘ग्रासियास’मधला मधला वर्ण दातांमध्ये जीभ ठेवून, हवा अखंड सोडत उच्चारतात. तो ऐकायला आपल्या ‘थ’सारखा भासतो, पण आपल्या ‘थ’मध्ये हवा आधी अडते, हा फरक कानाला लावून घ्यावा लागतो. जाता जाता, ‘पगार’ हा मराठी शब्द पोर्तुगीजांनी ठेवलेला आहे, आणि स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणे. घमेलेसुद्धा त्याच वाटेने आले आहे.

मराठी जिथे हात देत नाही ती ठिकाणे तीन. नामाआधीची ‘एल’ आणि ‘ला’ ही उपपदे (इंग्रजी ‘द’सारखी) कधी लावावीत. आपल्या ‘साठी’च्या जागी येणाऱ्या ‘पोर’ आणि ‘पारा’ यांतले कोणते केव्हा. आणि ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे, ‘सेर’ व ‘एस्तार’. आपल्याकडे वकीलही ‘आहे’ आणि आजारीही ‘आहे’, म्हणून हा शेवटचा भेद जड जातो. ‘कायमचे ते सेर, तात्पुरते ते एस्तार’ हा इंग्रजी पुस्तकांतला तोडगा विसरा. मेलेला माणूस कायमचा मेलेला असतो, तरी त्याला ‘एस्तार’च लागते. ‘कोण, काय, कोठला’ या प्रश्नांचे उत्तर ‘सेर’ने आणि ‘कोठे, कोणत्या अवस्थेत’ याचे ‘एस्तार’ने द्यावे, असे मी शिकवते. समारंभ कोठे आहे हे सांगताना मात्र पुन्हा ‘सेर’ येते, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा. सालामांकात तासन्‌तास घालवायचे ते या तिघांवर.

‘सालामांकात सगळ्यांत शुद्ध स्पॅनिश बोलतात’ असे तुम्हांला कोणी तरी सांगितलेच असेल. पुण्याच्या मराठीबद्दल जे बोलले जाते त्याच जातीचा हा दावा आहे, आणि तितकाच गंमतीचा. उच्चार स्पष्ट असतात, नवशिक्याच्या कानाला सोपे जातात, हे खरे. पण जुन्या कास्तीलमधल्या बायाबापड्यांच्या तोंडी ‘तिला मी म्हटले’ यासाठी ‘ला दिखे’ सर्रास ऐकू येते, आणि व्याकरण ते चूक मानते. तेथे ‘ले’ हवे. तुमचे पुढचे काम लॅटिन अमेरिकेतील ग्राहकांशी असेल, तर तेथे ‘बोसोत्रोस’ हे अनेकवचनी ‘तुम्ही’ वापरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. सालामांकात ते सतत कानावर पडेल, समजले पाहिजे, पण वापरायचे की नाही ते ऐकणारा पाहून.

आणि ‘तू’. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक शिक्षिकेला ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’ म्हणत राहिले, कारण गुरूला अरेतुरे करणे जिभेवर येईना. त्यांना ते अवघडल्यासारखे होई. तेथे वर्गात ‘तू’ हीच रीत आहे. ‘उस्तेद’ म्हाताऱ्या अनोळखी माणसासाठी आणि सरकारी खिडकीसाठी राखून ठेवावे.

राहण्यासाठी एखाद्या कुटुंबाकडची खोली घ्यावी असे मी सांगेन. सोबत्यांच्या सदनिकेत राहिलात तर संध्याकाळी सगळे इंग्रजीत बोलू लागतात. जेवण दुपारी अडीच-तीनला आणि रात्री नऊनंतर असते. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढे म्हणून भागत नाही, कारण पुष्कळांच्या मते हॅम आणि ट्यूना मासा हे मांसात मोडत नाहीत. प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन विचारावे. मसुराची आमटी छान असते, फक्त चोरीसो नावाचे सॉसेज घालू नका असे आधी सांगावे लागते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे, हिवाळा चांगलाच बोचरा. माद्रिदहून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आतले, रेल्वे आणि बस दोन्ही आहेत.

व्हिसाचे थोडक्यात. नव्वद दिवसांपर्यंत शेंगेन व्हिसा पुरतो. त्याहून जास्त राहायचे तर शिक्षणासाठीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि मुक्काम सहा महिन्यांहून अधिक असेल तर पोलिसांचे चारित्र्य-प्रमाणपत्र व वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि पोहोचल्यावर महिन्याभरात परकीय नागरिकाचे ओळखपत्र काढणे, हेही येते. दीर्घ मुक्कामाला दरमहा ६०० युरो या हिशेबाने निर्वाहाचा पुरावा मागतात. याबाबतचे नवे नियम मे २०२५ पासून लागू झाले आहेत, त्यामुळे आधी जाऊन आलेल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नका. मुंबईच्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाची चालू यादी काढून घ्या.

तुमच्या बाबतीत माझे मत असे. दोन पातळ्या झाल्या आहेत म्हणजे तुम्ही ‘बी-एक’च्या उंबरठ्यावर आहात. या टप्प्यावर एका महिन्यासाठी जाल तर बाजारहाट शिकून परत याल, आणि ते पुण्यातही शिकता येते. येथे ‘बी-एक’ पूर्ण करा. भूतकाळाची दोन्ही रूपे आणि संभावनार्थ मराठीच्या आधारे पक्के करून घ्या. आणि मग सप्टेंबरच्या अखेरीपासून नाताळापर्यंतचे, नव्वद दिवसांच्या आत बसणारे सत्र घ्या. उन्हाळ्यातले वर्ग टाळावेत असे माझे मत आहे, कारण तेव्हा गावातले विद्यार्थी आपापल्या घरी गेलेले असतात आणि ज्यांच्याशी बोलायला आपण एवढे दूर जातो तेच तेथे नसतात.